करडाच्या पोटातले पांढरे धागे

अक्का, मला काही सुधरंना झालंय.

तुझी माती होऊन अजून आठवडाही झाला नाही आणि मी नांदेडला माझ्या घरात बसून तुझ्याशी बोलतेय. जो तो फोन करतो आणि म्हणतो, "सुटल्या बिचाऱ्या." मी हो म्हणते. फोन ठेवल्यावर वाटतं, कशातून सुटली? दुखण्यातून म्हणावं, तर तू दुखण्याला कधी धरून बसली नव्हतीस. दुखणंच तुला धरून बसलं होतं. मग सुटलं कोण?

अहमदपूरच्या आपल्या कॉलेजातून निरोप आला होता. वार्षिक अंकात बाईंबद्दल चार शब्द छापायचेत, जन्म, शिक्षण, नोकरी अशी माहिती पाठवा म्हणाले. मी बसले लिहायला. तुझ्या जन्माचं साल मला ठाऊक नाही हे तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत विचारलंच नव्हतं. आठवत होतं ते सगळं भलतंच. टँकरच्या रांगेतली आपली निळी बादली. चिडलीस की वर जाणारी तुझी एकच भुवई. आणि ते करडू. हे अंकात कोण छापणार? म्हणून तुलाच सांगते. तुला सगळं माहीतच आहे, किंवा माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तीच तर पंचाईत आहे.

मी कॉलेजात शिकवायला रुजू झाले तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर 'उस्मानाबाद'वर रंग मारून 'लातूर' लिहिलेलं होतं आणि ऊन तापलं की खालची जुनी अक्षरं रंगातून वर यायची. टपाल आधी जुन्या जिल्ह्याला फिरून मग आपल्याकडं यायचं. पाऊस मात्र जुन्यात नव्हता आणि नव्यातही नव्हता. प्राणिशास्त्राच्या खोलीत तू एकटी बसली होतीस. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि समोर मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला उंदीर. मी दारातच थांबले.

"ये की," तू म्हणालीस. "जळकोटकडची ना तू? मी उदगीरची. म्हणजे शेजारीण."

"तुम्ही लिंगायत ना? मग हे कसं काय चालतं?" मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही, हे तुला त्या दिवशीच कळलं असेल.

"खायचं न्हाई म्हणलंय आमच्यात. बघायचं न्हाई असं कुठं म्हणलंय?"

तुझ्या घरच्यांना ते पटलं नव्हतं. स्थळं यायची आणि 'पोरगी बेडूक कापती' असं ऐकून चहा न घेताच जायची. तू हे हसत सांगायचीस. ते हसणं खरं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. म्हणजे मला सगळंच विचारल्याशिवाय राहवत नाही असंही नाही.

आपण एकाच गल्लीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलो. तू माझ्याहून थोडी मोठी, म्हणून अक्का. तुझ्या घरी उदगीरला गेले की तुझी आई प्रेमानं वाढायची, पण माझा पेला वेगळा ठेवलेला असायचा. आम्ही बौद्ध, हे तिला माझ्या आडनावावरून कळलं होतं. तू काय केलंस, तर पहिल्याच दिवशी माझ्या हातातून तो पेला घेतलास आणि त्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलंस. आई बघत राहिली. तू एक शब्द बोलली नाहीस. परतीच्या गाडीत मी म्हणाले, "पाणी पिऊन काय होतंय? आईला तोंडानं सांग की." तू म्हणालीस, "ब्याड." नको म्हणायला तुला कन्नडच लागायचं. "तोंडानं सांगितलं की ती रडंल आणि पेला तसाच राहील." हे आपलं पहिलं भांडण. ते मिटलं की नाही, हेही मला आता सांगता येत नाही.

त्या वर्षी बेडूक मिळेनात. तळी आटलेली, विहिरींच्या तळाशी चिखलसुद्धा नाही. बेडूक पुरवणारा माणूस येऊन हात जोडून गेला. प्रॅक्टिकलला दाखवायचं काय? तू म्हणालीस, "बरं झालं. दरवर्षी हृदय आन रक्त, हृदय आन रक्त. ह्या वर्षी लस दाखवू."

लसिकासंस्था पुस्तकात अर्ध्या पानाची होती. परीक्षेत कुणी विचारत नव्हतं, म्हणून कुणी शिकवतही नव्हतं. तू मात्र तिच्यावर जीव टाकायचीस. पोरांना म्हणायचीस, "गुडघा खरचटल्यावर रक्त थांबतं आन मग पाण्यासारखं काय येतं?" पोरं ओरडायची, "लस!" "मग तीच ही. नवीन काय न्हाई. रक्त नळीतनं फिरतं, पण नळी झिरपती. झिरपलेलं पाणी परत आणलं न्हाई तर जनावर फुगून मरंल. ते गोळा करून आणायला ह्या बारीक नळ्या. ह्यांना ढकलायला आपल्यात हृदय न्हाई. जनावर चाललं, श्वास घेतला, आतडं हाललं, की लस पुढं सरकती. मागं येऊ नये म्हणून आत झडपा. वाटंत गाठी, जकातनाक्यावानी. काय घाण आली, रोग आला, की नाक्यावर अडवायचं. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, गाठ सुजती, का न्हाई? ते नाक्यावर भांडण चालू झालेलं असतं."

आणि मग तू आवाज खाली आणायचीस. "आन एक गंमत. जेवणातलं तेल-तूप रक्तात सरळ जात न्हाई. आतड्यातनं आधी ह्या वाटेनं जातं. म्हणून जनावर दूध पिलं की त्याच्या आतड्याच्या पडद्यातल्या ह्या नळ्या पांढऱ्या फेक होतात. मी पुस्तकात वाचलंय. डोळ्यानं पाह्यलं न्हाई."

ते पाहायचं म्हणून आपण खाजाभाईच्या दुकानात गेलो. डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळाला विभूती लावलेली बाई खाटकाच्या दुकानासमोर उभी राहिली, ह्याची चर्चा अहमदपुरात बरेच दिवस चालली असणार. खाजाभाई गडबडलाच. "बाई, रस्ता चुकलं क्या?" तू सांगितलंस, आतडी हवीत, पडद्यासकट, न फाडता. "वो तो हम फेक देते," तो म्हणाला, आणि पुढं दर बाजारच्या दिवशी आपल्यासाठी केळीच्या पानात बांधून ठेवायला लागला.

दुष्काळात त्याच्याकडं जनावरांना तोटा नव्हता. चारा नाही म्हणून लोक आणून उभी करत होते. आपण पडदा ताणून, टाचण्या लावून, भिंग धरून बघायचो. गाठी दिसायच्या, वालाच्या दाण्याएवढ्या, करड्या. नळ्या मात्र दिसायच्याच नाहीत. एक बाजार गेला, दुसरा गेला. पोरं कंटाळली. घरमालकीण वेगळ्याच कारणानं तापली होती. गल्लीत प्यायला पाणी नाही आणि ह्या दोघी आतडी धुतात. तिचं चुकत नव्हतं. आपण आपल्या वाट्याच्या बादलीतलंच पाणी वापरत होतो, तरी चुकत नव्हतं.

एके दिवशी तूच सांगितलंस नळ्या का दिसत नाहीत ते. ट्रेवरून मान वर न करता म्हणालीस, "विमल, ही सगळी उपाशी हायेत गं. उपाशी जनावराची लस पाण्यावानी असती. दिसंल कुठून?"

त्यानंतर पोरं भिंग घ्यायला पुढं सरकलीच नाहीत. बहुतेकांच्या घरचं जनावर कुठं ना कुठं असंच विकलं गेलेलं होतं.

आणि मग ते करडू आलं. बाजारचाच दिवस होता, दुपारचं प्रॅक्टिकल. पान सोडलं, पडदा पसरला आणि तुझा हात थांबला. आतड्यापासून निघून पडद्याच्या मुळाकडं जाणारे पांढरे धागे. चातीवर नुकतं कातलेलं सूत असावं तसे, एकात एक मिसळत, गाठीपाशी येऊन थबकलेले. भिंगाची गरजच नव्हती. पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. मागच्या बाकावरची एक मुलगी कधी बोलायची नाही. ती पटकन म्हणाली, "बाई, किती सुंदर दिसायलंय!" आणि स्वतःच लाजली. तू लहान पोरीसारखी टाळी वाजवलीस. मी तुला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मग तुझा चेहरा बदलला. कसा ते मला सांगता येत नाही. तू हलक्या आवाजात म्हणालीस, "हे पोटभर पिलंय. कापायच्या आधी थोडाच वेळ." आणि माझ्याकडं बघितलंस. "अशा दिवसांत. विकायला काढलेलं करडू. त्याला कुणी दूध पाजलं?"

मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, खरं सांगते. आईजवळ होतं, पिलं. पण खेड्यात वाढलेली मी होते, तू नव्हे. जरा विचार केल्यावर मलाही ते चमत्कारिक वाटायला लागलं. त्या दिवसांत शेळीचं दूध म्हणजे घरातल्या लेकराचा आधार. करडू विकायचं ते दूध वाचावं म्हणूनच. मग विकायच्या दिवशी सकाळी सगळं दूध त्यालाच का?

खाजाभाईनं सांगितलं, एका बाईनं आणलं होतं, जळकोटकडच्या गावची. गावाचं नाव सांगितलं. ते माझ्या मामाच्या गावाशेजारचंच निघालं. तू म्हणालीस, "जाऊ या." मी म्हणाले, "कशाला? काय विचारणार तिला?" तू म्हणालीस, "हेच. पाजलं का म्हणून." मी विरोध केला होता, नाही का? की मीच गाडीची वेळ काढून आणली होती? मला दोन्ही आठवतंय.

रविवारी गेलो. फाट्यावर उतरून चालत. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीच्या कामावर बाया खडी फोडत होत्या, पण रविवारची सुट्टी म्हणून त्या दिवशी नुसते ढीग होते. गयाबाईचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात बाभळीला शेळी बांधलेली, दारात सासू बसलेली, आणि उंबऱ्याशी एक पोरगी, बारीक हातापायांची, मातीत रेघा ओढत. गयाबाई आतून हात पुसत आली. आपल्याच वयाची असेल. 'कॉलेजच्या बाया' म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला.

तू आडवळण घेतलं नाहीस. "बाजारच्या दिवशी करडू विकलं ना तुम्ही? इकायच्या आधी त्याला दूध पाजलं व्हतं का?"

गयाबाईनं आधी सासूकडं बघितलं. मग तुझ्याकडं.

"न्हाई बाई. कुठलं पाजतो? हितं लेकराला मिळंना."

सासू म्हणाली, "कामून इचारायल्या? करडू रोगी व्हतं का काय?"

"न्हाई, न्हाई," तू घाईनं म्हणालीस. "चांगलं व्हतं. लई चांगलं व्हतं."

"मंग?"

माझी नजर शेळीवर गेली. तिच्या कासेला धडप्याची पिशवी बांधलेली होती, करडानं तोंड घालू नये म्हणून बांधतात तशी. करडू विकलं गेलं तरी पिशवी तशीच होती. कुणी सोडल्याशिवाय त्या करडाला पिणं शक्यच नव्हतं. मी तुला कोपर मारलं. तूही बघितलंस. बघितलंस हे मला पक्कं आठवतं. आणि तरी तू हात जोडलेस, "बरं, येतो आम्ही" म्हणालीस, आणि निघालीस.

फाट्यापर्यंत आपण भांडलो. मी म्हणाले, "तिनंच पाजलं. सासूच्या भ्यानं न्हाई म्हणाली." तू म्हणालीस, "ती न्हाई म्हणाली, म्हणजे न्हाई." मी म्हणाले, "आन पांढऱ्या नळ्या? ती पिशवी?" तू म्हणालीस, "पोरीनं सोडली आसंल. नायतर गाठ सैल झाली आसंल. नायतर माझंच बघायला चुकलं." तुझं! बघायला! जी बाई पोरांना 'डोळ्याला दिसलं तेच लिहा' म्हणून सांगायची, ती एका 'न्हाई'वर सगळं सोडून देत होती. मला तुझा राग आला. आणि तू वेगळ्याच काळजीत होतीस, हे मला फार उशिरा कळलं. आपण निघून आल्यावर त्या घरात काय बोलणं झालं असेल, ह्या काळजीत. मी पुराव्यात अडकले होते. तू दारात बसलेल्या सासूत.

पुढच्या बाजारच्या दिवशी गयाबाई कॉलेजात आली. मी वर्गावर होते. तास संपवून खाली येईपर्यंत ती फाटकातून बाहेर पडत होती. मला तिची पाठच दिसली. शिपाई म्हणाला, "लई भांडून गेली ती बाई." मागच्या बाकावरची ती मुलगी व्हरांड्यातच होती. ती म्हणाली, "न्हाई मॅडम, भांडत नव्हती. रडत व्हती. बाई बी रडत व्हत्या." मी प्रयोगशाळेत आले तर तू रिकाम्या ट्रेमधलं मेण उगाच खरवडत होतीस.

"काय म्हणाली?"

"बोलणं झालं आमचं."

"काय झालं?"

"ब्याड, विमल."

त्यानंतर तू आतडी आणणं बंद केलंस. पोरांना लसिकासंस्था शिकवायचीस, पण फळ्यावर, खडूनं. स्वतःच्या मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या हाडामागं बोट ठेवून सांगायचीस, "शेवटाला सगळी लस हितं येऊन रक्ताला मिळती." बस्स. करडाची गोष्ट तू कुणाला सांगितली नाहीस आणि मी सांगायला लागले की उठून जायचीस.

माझं लग्न झालं, मी नांदेडला बदलून आले. तू निवृत्त होऊन उदगीरला भावाच्या घरी गेलीस. पण वर्षातून दोन-तीनदा भेटलो की ते भांडण निघायचंच. गंमत म्हणजे दरवेळी तुझी बाजू बदललेली असायची. एकदा तू ठासून म्हणालीस, तिनंच पाजलं होतं. मी आनंदानं हो म्हणणार तेवढ्यात म्हणालीस, "पण ते कळून घ्यायचा आपल्याला काय अधिकार व्हता?" मग मी उलटी बाजू घ्यायची. एकदा तर मीच म्हणाले, की कदाचित पांढऱ्या नळ्या दुसऱ्याही कशानं दिसत असतील. तू इतकी चिडलीस! "डोळ्यानं पाह्यलंय आपण!" आता सांग, माझी बाजू कुठली आणि तुझी कुठली?

मग तुझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन नांदेडलाच झालं. डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. काही महिन्यांनी डावा हात भरायला लागला. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. दंड, कोपर, मनगट, सगळं एकसारखं गच्च. तू हात माझ्यासमोर धरून म्हणालीस, "बघ. नाकी काढून टाकली, गाड्या तुंबल्या." आणि हसलीस. मला हसू आलं आणि लगेच आलेल्या हसण्याची लाज वाटली. तू म्हणालीस, "हास की. सगळा जन्म शिकवलं, आता धडा हातात आलाय."

मी महिन्याला उदगीरला येऊन आठ-दहा दिवस राहायची. दुपारी जेवणं झाली की तुझा हात मांडीवर घेऊन चोळायची. चोळायची म्हणजे तू शिकवलंस तशी, तेल न लावता, अगदी हलक्या हातानं. "जोर कशाला करतीस? कातडीखालीच असती ती. आन आधी वरचं मोकळं कर. मान, खांदा, मग दंड, मग हात. वरची वाट तुंबलेली आसताना खालून ढकलून काय व्हणार?" मी तुझी विद्यार्थिनी कधीच नव्हते. त्या दुपारी झाले. तुझ्या वहिनी दारात येऊन बघायच्या. एकदा म्हणाल्या, "आमाला न्हाई जमत तुमच्यावानी."

असाच हात मांडीवर असताना मी विचारलं, "आता तरी सांग. गयाबाई काय म्हणाली होती?"

तू सांगितलंस. "भांडायलाच आली व्हती. म्हणाली, तुमी घरी आल्यापासून सासूनं शेळी मोठ्या जावंच्या हवाली केली. तुमाला काय पडली व्हती म्हणाली. मी पाया पडले तिच्या."

बरं. मला वाटलं, एवढंच होतं तर. शिपायाचं खरं निघालं.

पुढच्या खेपेला तुझी गोळी वाढवली होती. तू अर्धवट झोपेत होतीस. मी काही विचारलंही नव्हतं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "विमल, तिनं विचारलं, त्याला दुखलं का वो बाई?"

"कुणी?"

"गयाबाईनं. म्हणाली, तुमी आतलं बघता ना, तुमाला कळत आसंल. कापताना त्याला लई दुखलं का?"

माझा हात थांबला. "मग तू काय सांगितलंस?"

मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "चोळ की. थांबलीस कशाला?"

जाग आल्यावर मी परत विचारलं. तू म्हणालीस, असं काही बोललेच नाही मी, गोळीचा अंमल असंल. एक भुवई वर करून म्हणालीस. खोटं बोलताना ती वर जायची की चिडल्यावर, ह्याचा मी तेव्हापासून विचार करतेय.

आता ह्यातलं काय धरू? भांडायला आलेली बाई असं विचारू शकते. तसं विचारणारी बाई भांडूही शकते. दोन्ही एकाच वेळी झालं असेल तर शिपाई आणि ती मुलगी दोघंही खरंच बोलले. मग तू अर्धंअर्धं का सांगितलंस? मला सोसणार नाही म्हणून? की तू तिला जे उत्तर दिलंस ते तुला तुझ्याजवळच ठेवायचं होतं? इतक्या वर्षांची मैत्री, अक्का, आणि एक वाक्य तू मला दिलं नाहीस. कधी त्याचा राग येतो. कधी वाटतं, तू त्या बाईचं काहीतरी राखलंस, तसं माझंही कुठंकुठं राखलं असशील. मला ठाऊक नाही. मला काहीच धड ठाऊक नाही.

माझा फोन वाजला तेव्हा सकाळ होती. मी पोचले तोवर तुला आंघोळ घालून बसवलं होतं, तुमच्यात बसवतात तसं, मांडी घालून. कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ. तू वर्गात बसायचीस त्यापेक्षा ताठ बसली होतीस. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून बोटं मिटायची होती. बोटं मिटेनात. हात इतका भरलेला होता की लिंग ठेवलं की घरंगळायचं. पुतण्यानं प्रयत्न केला, विधीला आलेल्या स्वामींनी केला. कुणीतरी म्हणालं, दोऱ्यानं बांधा.

वहिनी म्हणाल्या, "विमलताईंना बोलवा. त्यांना जमतंय."

अंगणात कुजबुज झाली. मी कोण, कुठली, हे तिथल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्या कशा हात लावतील लिंगाला?" स्वामींनी वहिनींकडं बघितलं. वहिनी म्हणाल्या, "वर्षभर हात लावायल्यात. आज काय नवं हाय?" मग स्वामी जरा बाजूला सरकले. तोंडानं सांगितलं आणि कुणी रडलं नाही, अक्का. तुला हे ऐकायला हवं होतं.

मी तुझ्यासमोर बसले. मी ह्यातलं काही मानत नाही. तुलाही ते माहीत होतं. तुझा हात घेतला. गार होता, पण अजून पुरता ताठरला नव्हता. आधी खांदा, मग दंड. सवयीनं. आता वर ढकलून काही कुठं जाणार नव्हतं. जनावर चाललं, श्वास घेतला, तरच लस सरकते. तरी मी केलं. तळहाताशी आल्यावर अंगठ्यानं दाबत राहिले. दाबलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या खळग्यात स्वामींनी लिंग ठेवलं. मी एकेक बोट मिटवलं. मिटलेल्या मुठीवर माझी मूठ थोडा वेळ राहिली. तेवढ्यात मनात मी बुद्धं सरणं म्हणत होते की काहीच म्हणत नव्हते, ते आठवत नाही. तुझ्या देवाचं काम केलं, की तुझं, की फक्त तुझा हात आणखी जरा वेळ धरायला मिळाला म्हणून केलं? कुणी विचारलं तर काय सांगू? कुणी विचारलं नाही.

उदगीरच्या स्टँडवर नांदेडची गाडी उभी होती. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली, मांडीवर भाजीची पिशवी. माझ्या हाताला विभूती लागलेली होती, डोळेही तसेच असणार. गाडी गावाबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "मातीला गेलता का बाई?"

"हाव."

"कोण लागत व्हत्या?"

मी खूप विचार केला. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं परत विचारलं.

"आमचं भांडण चालू हाय," मी म्हणाले.

ती जराही चकित झाली नाही. "आसंल," म्हणाली. पिशवी उचलून उठली आणि मला खिडकीची जागा दिली.